पहाटे पाचचा पफ

सफरचंदाचे किंवा आंब्याचे पफ करून चार घरी वाटले, की दोन दिवसांत एक प्रश्न ठरलेला येतो: "काका, ओव्हन कुठला वापरता?" कधी डबा परत करताना, कधी जिन्यात. परवा दांडिया बाजारात एका ओळखीच्या बाईंनी भाजीची पिशवी खाली ठेवून विचारलं. त्यांचा पफ फुलत नाही, खालून ओला राहतो, लोणी गळतं, मग ओव्हन बदलावा का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझा ओव्हन साधा ओटीजी, म्हणजे टोस्टर-ग्रिलवाला छोटा विजेचा ओव्हन आहे. जुना आहे आणि दाराची मूठ एका बाजूने ढिली आहे. खरं तर विचारायला हवं, की मी पीठ किती वाजता लाटतो.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच मे महिन्यात मला हा नाद लागला. (पुण्याचे पाहुणे याला पॅटीस म्हणतात आणि आत बटाटाच शोधतात. आमच्या बडोद्यात पफ म्हणजे पफ.) दुपारी दोन वाजता, पंखा बंद करून, ओट्यावर मैदा घेऊन बसलो. तिसऱ्या घडीला लोणी पिठातून घामासारखं बाहेर आलं. मी हट्टाने वर मैदा भुरभुरवत लाटत राहिलो. ओव्हनमध्ये ते लोणी ट्रेवर उतरलं, धूर झाला आणि हाती आली शंकरपाळ्याची जाड थोरली बहीण. बायकोने तुकडा मोडून पाहिला आणि म्हणाली, "अहो, चव चांगली आहे. नाव फक्त बदला."

लोण्याचा दोष नव्हता. लोणी बत्तीस-पस्तीस अंशांना वितळतं आणि त्याच्या कितीतरी आधी ढिलं पडतं. मे महिन्यात आमचं स्वयंपाकघर दुपारी त्याच्याही वर असतं. पफ फुलतो तो लोण्यातल्या आणि पिठातल्या पाण्यामुळे. लोण्यात साधारण सोळा टक्के पाणी असतं. ओव्हनच्या आचेने त्याची वाफ होते आणि ती वरचा पदर उचलते. मात्र त्यासाठी लोण्याचा थर पिठाच्या दोन थरांमध्ये अखंड राहायला हवा. तो एकदा पिठात मुरला, की ते नुसतं मोहन घातलेलं पीठ झालं. मग ओव्हन लाखाचा आणलात तरी पापुद्रा सुटायचा नाही.

आई दिवाळीत चिरोटे करायची, तेव्हा आमच्या घरी फ्रीजही नव्हता. मग तिचे पापुद्रे कसे सुटायचे, हे कोडं मला बरेच दिवस होतं. उत्तर साट्यात आहे. तूप फेसून त्यात तांदळाची पिठी घातली की पिठी तुपाला धरून ठेवते, ते वाहून जात नाही. आणि तळताना पदर सुटतात ते गरम तुपात. मी एकदा शहाणपणा करून पफमध्ये लोण्याऐवजी साटा भरला. खारीच्या जवळचं काहीतरी झालं, चहाबरोबर संपलंही, पण फुललं नाही. तुपात लोण्यासारखं पाणी नाही, पुरेसं फुलणार कशाने?

म्हणून पहाटे पाच. उन्हाळ्यात त्या वेळीही स्वयंपाकघर एकोणतीस-तीस अंशांवर असतं, म्हणून आधी ओट्यावर बर्फाची परात दहा मिनिटं ठेवतो, मग ओटा कोरडा पुसून लाटतो. अडीचशे ग्रॅम मैदा, त्यात तीस ग्रॅम पातळ केलेलं लोणी, चमचाभर लिंबाचा रस आणि सव्वाशे मिलिलीटरच्या आसपास फ्रीजचं पाणी. मीठ घालत नाही, कारण शंभर ग्रॅमच्या ज्या दोन वड्या मी आत भरतो त्या खारवलेल्याच असतात. पीठ फार मळू नका, पोळीच्या कणकेचा हात इथे चालत नाही. लोणी वाकवलं तर वाकावं, तुटू नये आणि बोटाला चिकटूही नये. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया.

मग तीन पदरी घडी. घडी घातली की अर्धा तास फ्रीज, पुन्हा लाटणं, पुन्हा घडी. मोठ्या बेकऱ्यांच्या हिशेबाने सहा घड्या, म्हणजे लोण्याचे ७२९ थर. आपल्या घरात चार घड्या आणि ८१ थर पुष्कळ. पाचव्या घडीला मी लोभ केला तेव्हा थर एकमेकांत मिसळून गेले. लाटलेलं पीठ मागे ओढत असेल तर जोर लावू नका, त्याला अजून झोप हवी आहे.

फळाचं मात्र वेगळं. खालून ओला राहणारा पफ हा जवळजवळ नेहमी फळाचा अपराध. कच्च्या फळाचं पाणी आतच सुटतं आणि तळाचं पीठ शिजतं, भाजत नाही. फळ आधी आटवा, पूर्ण गार करा आणि मग भरा. मी संध्याकाळी खंडेराव मार्केटला जातो. १९०६ साली बांधलेली, लांबून राजवाडाच वाटणारी ती इमारत, आणि आत कोथिंबीर नि फुलांचा वास. तिथे उशिरा गेलं की ठेच लागलेले केसर आंबे स्वस्तात मिळतात, ते मला चालतात. अर्धा किलो रसात दोन चमचे साखर घालून निम्मा होईपर्यंत आटवायचा. कढईच्या तळाशी चमचा ओढला की वाट उघडी राहिली पाहिजे. सफरचंदाच्या फोडी थोड्या लोण्यावर दालचिनी घालून परतायच्या, सुटलेलं पाणी आटवायचं. पेरू थंडीतला, शिजवून चाळणीवर घासून बिया काढलेला. तो आपोआप घट्ट होतो, आणि माझ्या मते सगळ्यांत सरस तोच. चिकूच्या वाटेला जाऊ नका. गरम केला की त्याचा वासच जातो. बायकोला हे मान्य नाही.

तरीही धास्ती वाटत असेल तर सारणाखाली टोस्टचा चुरा पसरा. वर सुरीने दोन चिरा द्या, वाफेला वाट हवी. कडा धारदार सुरीने एका दाबात कापा, मागेपुढे घासू नका. वर दूध लावताना ते कापलेल्या कडेवर ओघळू देऊ नका, नाहीतर पदर तिथेच चिकटतात. हो, दूधच. समोरच्या बेनना पहिल्यांदा डबा दिला तेव्हा त्यांनी झाकण उघडायच्या आधी विचारलं होतं, "आमां ईंडुं तो नथी ने?" (यात अंडं तर नाही ना?) दुधात चिमूटभर साखर घातली की रंग अंड्याइतका नाही, पण पुरेसा येतो.

भरलेले पफ पुन्हा वीस मिनिटं फ्रीजमध्ये. ओव्हन २२० अंशांवर चांगला वीस मिनिटं तापवायचा, बारा मिनिटांनी १९० करायचा, एकूण पंचवीस ते तीस मिनिटं. मध्ये दार उघडून बघायचं नाही. माझी मूठ ढिली असल्यामुळे दार उघडायला दोन हात लागतात, त्यामुळे तो मोह आपोआपच टळतो.

मार्जरिनबद्दलही विचारता. ते उन्हात टिकतं, लाटायला सोपं आणि स्वस्त. पण त्यातलं काही लोण्याहून जास्त आचेवर वितळतं, म्हणून खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर राहतो. दुकानाचं गणित मला समजतं. मी वर्षाला सात-आठ वेळा करतो, मला ते गणित नको.

जानेवारीत उत्तरायणला काहीच त्रास नाही. ओटा आपोआप गार असतो, दुपारीही लाटता येतं. पहिला घाणा ओव्हनमधून निघाला की तसाच ताट झाकून अगाशीवर नेतो. तिथे मांज्याने कापलेल्या बोटांनी पोरं पफ उचलतात, पापुद्रे वाऱ्यावर उडून शेजारच्या पतंगांवर जाऊन बसतात, आणि कोणीच ओव्हन कुठला म्हणून विचारत नाही.