भाकऱ्यांचा हिशोब आणि बोलणारा प्रोग्रॅम

माझ्या मावशीचे डबे सदाशिव पेठेत जातात. गिऱ्हाइकं बहुतेक स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी, कॉट बेसिसवर राहणारी मुलं. महिनाअखेरीची बिलं काढायला मी तिला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिलाय. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, "अगं, या मुलाचं बिल ७८० रुपयांनी कमी येतंय. मी वहीत मांडून बघितलं."

रोज २ भाकऱ्या, १५ रुपयांची एक, २६ दिवस. बरोबर ७८०. म्हणजे भाकऱ्यांचे पैसे धरलेच नव्हते.

मी घाईघाईने प्रोग्रॅममध्ये एक प्रिंट, म्हणजे मधली माहिती दाखवणारी ओळ, टाकला: पदार्थाचं नाव आणि सापडलेला दर. ओळ आली, "भाकऱ्या ०". दरपत्रकात तर "भाकऱ्या १५" स्वच्छ दिसत होतं. अर्धा तास मी दोन सारख्या शब्दांकडे बघत बसले. त्यातच तो प्रिंट काढायचा राहिला आणि दुसऱ्या दिवशी एका मुलाच्या बिलात "भाकऱ्या ०" ही ओळ छापून गेली. बिल आणि माझी तपासणी, दोन्ही एकाच वाटेने, स्टँडर्ड आउटपुटवर (प्रोग्रॅमचं उत्तर बाहेर पडायची नेहमीची वाट) जात होती. मावशी काही बोलली नाही, पण तिच्या नावाने गेलेल्या कागदावर ती ओळ होती, याचं मला फार वाईट वाटलं.

मग नीट बसले. पायथनमध्ये लॉगिंग मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅम काय करतोय ते लिहून ठेवणारा तयार भाग, २००३ च्या २.३ आवृत्तीपासून आहे. त्यात डीबगची (तपासणीच्या ओळींची) पातळी १०, वॉर्निंगची (इशाऱ्यांची) ३०, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर ३० च्या खालचं काही दिसत नाही. शिवाय हे सगळं स्टँडर्ड एरर नावाच्या वेगळ्या वाटेने जातं, बिलाच्या वाटेला जात नाही. प्रोग्रॅमला मी एक पर्याय दिला, "--बोल". तो दिला तरच पातळी १० वर येते.

पण खरा उलगडा झाला तो एका अक्षराने. लॉगच्या ओळीत शब्द जसा दिसतो तसा छापणारी पर्सेंट-एस ही खूण होती, तिथे पर्सेंट-आर केलं. त्याने न दिसणारी अक्षरं उघडी पडतात. आता दरपत्रकातला शब्द "भाकऱ्या" असाच आला, आणि मोबाइलवरून भरलेल्या नोंदीत आलं: "भाकर्\यू२००डीया".

तो २००डी म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, जागा न घेणारं, न दिसणारं जोडचिन्ह. आपला अर्धा, आडवा र दोन प्रकारे लिहिता येतो: एक नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसरा साधा र, हलन्त आणि हा जॉइनर. डोळ्यांना दोन्ही एकच. युनिकोड म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकांची पद्धत. सारखी अक्षरं एकाच रूपात आणणारं तिचं नॉर्मलायझेशनही या दोघांना एक करत नाही. पुऱ्या, कचोऱ्या, भाकऱ्या... मावशीच्या अर्ध्या यादीत हा र आहे! नोंद वाचतानाच दुसरा प्रकार पहिल्यात बदलून घेतला, चार ओळींचं काम.

दर न सापडल्यास गुपचूप शून्य धरणं, ही मूळ चूक माझीच. ते आता डीबगमध्ये ठेवलेलं नाही, वॉर्निंग केलंय, कारण पैशांची गोष्ट मावशीला न मागता दिसली पाहिजे. डीबगमध्ये राहिलंय ते कुठली नोंद वाचली, कुठला दर लागला, बेरीज कशी झाली एवढंच. मुलांचे फोन नंबर मात्र मी त्यात येऊ दिले नाहीत. या ओळींची फाइल व्हॉट्सॲपवर फिरणार, आणि ते नंबर मावशीच्या विश्वासावर दिलेले आहेत.

तपासणीच्या ओळी काम झालं की पुसून टाकायची मला सवय होती. या वेळी सगळ्या तशाच ठेवल्यात. मावशीच्या लॅपटॉपवर "तपशील" नावाचं एक चिन्ह केलंय, ते दाबलं की प्रोग्रॅम "--बोल" लावून चालतो आणि त्या ओळी तारखेच्या नावाच्या फाइलमध्ये जातात. परवा तिने ती आपणहून पाठवली, खाली लिहिलं होतं, "कोथिंबीर वडीचा दर लागत नाहीये, बघ." मी फाइल उघडली. दरपत्रकात "कोथिंबीर वडी" होतं, नोंदीत "कोथिंबिर वडी". मावशीने तोवर वेलांटी दीर्घ करून बिल काढलंसुद्धा होतं.