मोपा ते न्यूयॉर्क: विमानात सव्वासतरा तास, घर ते घर अठ्ठावीस

मे महिन्यात आईला घेऊन ताईकडे न्यू जर्सीला जाऊन आलो, तेव्हापासून गोव्यात आमच्या साखळी गावात जो भेटतो तो एकच विचारतो, किती तास लागले रे? म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मोपा (गोव्यातला उत्तरेकडचा विमानतळ) ते मुंबई हवेतून जेमतेम चारशे किमी, सव्वा तास. मुंबई ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ साधारण साडेबारा हजार किमी, जाताना सोळा तास. पण आम्ही घरातून निघालो संध्याकाळी 5 ला, मुंबईहून उडालो रात्री 2 ला, म्हणजे पहिल्या चारशे किमीला नऊ तास आणि पुढच्या साडेबारा हजारांना सोळा! उतरलो तेव्हा तिथे सकाळचे साडेआठ, ताईच्या दारात साडेअकरा.

त्या नऊ तासांत निम्मी चूक माझी. चार पैसे वाचतात म्हणून गोवा-मुंबई तिकीट वेगळं काढलं, मग मुंबईत बॅगा बेल्टवरून उतरवा, ढकलत न्या, परत चेक-इन करा. आणि पहिलं विमान लेट झालं असतं तर पुढच्या कंपनीला काही देणंघेणं नव्हतं. एकाच पीएनआरवर काढा, आणि वेगळं काढायचंच असेल तर मध्ये निदान पाच तास ठेवा आणि मुंबईला कुठल्या टर्मिनलला उतरताय ते आधी बघा, कारण टी-1 ते टी-2 चालत जाता येत नाही. वय झालेलं माणूस सोबत असेल तर व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा, आईमुळे आमची इमिग्रेशनची रांगसुद्धा वाचली.

विमानात आई समोरच्या स्क्रीनवरचा नकाशा बघून हैराण. "अमेरिका पश्चिमेला ना, मग हा वर उत्तरेला कशाला चाललाय?" मी डब्यातला बेसनाचा लाडू काढला, तिच्या शालीचा एक दोरा ओढला आणि लाडवावर दोन टोकांना ताणून धरला. दोरा आपोआप वरच्या अंगाने गेला. पृथ्वी गोल म्हणून जवळची वाट तीच. आई म्हणाली, "कळलं. शाल उसवू नकोस."

येताना मात्र दीड-दोन तास कमी लागतात, कारण वर दहा-अकरा किमीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेला जोरात वाहतो, जाताना तो तोंडावर येतो, येताना मागून ढकलतो. उन्हाळ्यात तिथली वेळ आपल्या साडेनऊ तास मागे, थंडीत साडेदहा, आणि तिकिटावर दोन्हीकडची वेळ स्थानिक असते, त्यामुळे नुसती वजाबाकी करून तास काढू नका. परत येताना तारीख एक दिवस पुढे जाते, सुट्टी टाकताना लक्षात ठेवा.

मानकुराद नेऊ नका, ताजे आंबे बॅगेतून नेता येत नाहीत. सोलं, खाजं, काजू आम्ही फॉर्मवर लिहून दाखवले, काही प्रॉब्लेम आला नाही.

आणि हो, तिकिटावरचा विमानतळाचा कोड घरच्यांना पाठवून ठेवा, गोव्यात विमानतळ दोन आहेत: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. आम्ही मोपाला उतरून बॅगा घेऊन बाहेर आलो, तर धाकटा भाऊ साठेक किलोमीटरवर दाबोळीला, हातात शहाळं घेऊन आमची वाट बघत उभा.