सैरंध्रीचे हात

सांगली, ५ नोव्हेंबर

आज रंगभूमी दिन. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथेच, चिंतामणराव पटवर्धनांपुढे, ‘सीतास्वयंवर’चा खेळ केला. त्या काळच्या खेळांत पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपली भाषणं वेळेवर जुळवून बोलायची. ‘अलल्लडुर्र’ अशी आरोळी ठोकत आला की तो राक्षस. देव कोण, राजा कोण, हे मुकुटावरून कळायचं. नायक उभा करायला शब्द खर्चावे लागत नसत.

कथाकथन करणाऱ्याकडे मुकुटही नाही आणि आरोळीही नाही. वीस मिनिटं, एक माईक आणि समोर मांडी घालून बसलेले लोक. मग तो घाईघाईने विशेषणांचे हार घालतो : शूर, करारी, निर्भीड, धीरोदात्त. शाळेच्या स्पर्धेत ऐका, नाहीतर गणेशोत्सवाच्या मंडपात, हेच चालतं. शूर म्हटल्याने कोणी शूर दिसत नाही. हात पुढे करायला माणसाला किती मोजावं लागणार आहे, हे ऐकणाऱ्याला आधी कळलं पाहिजे. मग तो हात नुसता हलला तरी मंडप गप्प होतो.

६ नोव्हेंबर

सैरंध्रीचं आख्यान जुळवायला घेतलं. सैरंध्री म्हणजे अज्ञातवासात विराट राजाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी. नायिका कशी उभी करावी याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

वीस मिनिटांना मिनिटाला एकशेदहा शब्द धरले तर बावीसशे शब्द होतात, म्हणजे हाताने लिहिलेली दहा-अकरा पानं. वाटणी अशी : अट दोन मिनिटं, दरबार पाच, पाकशाळा आठ, नर्तनशाळा चार आणि शेवटाला एक. बहुतेक जण नर्तनशाळेतल्या मारामारीला दहा मिनिटं देतात आणि पाकशाळा दोन वाक्यांत उरकतात. आख्यान पडतं ते तिथेच.

पहिली अट. तेराव्या वर्षी ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षं वनवास. पहिल्या दोन मिनिटांत हे सांगितलं नाही, तर पुढे पांडव गप्प का बसले ते कोणालाच कळत नाही आणि ते भेकड वाटायला लागतात. कंक म्हणजे युधिष्ठिर, बल्लव म्हणजे आचारी झालेला भीम, बृहन्नडा म्हणजे अर्जुन, ही नावंही इथेच एकदा सांगून टाकायची. नकुल-सहदेव या आख्यानात लागत नाहीत, त्यांना आणूच नये.

मग दरबार. विराटाचा सेनापती कीचक भरसभेत सैरंध्रीला लाथ मारतो. भीम तिथेच आहे. बाहेरच्या झाडाकडे त्याची नजर जाते. ते उपटून कीचकाला चेचायचं त्याच्या मनात आहे. कंकाच्या रूपातला युधिष्ठिर त्याला म्हणतो, झाडाकडे काय बघतोस, आचाऱ्या? सरपण हवं असेल तर बाहेर जाऊन तोड. हे वाक्य अगदी साध्या आवाजात म्हणायचं, भाजीवाल्याला दर विचारावा तसं. आवाज चढवला तर त्यातला दाब निघून जातो.

आता पाकशाळा. पाच नवरे असताना रात्री ती कोणाला उठवते? युधिष्ठिर थांब म्हणणार. अर्जुन अंतःपुरात मुलींना नाच शिकवतोय. ती विचार करून भीमाकडे जाते. नायिका जन्माला येते ती या निवडीत. सांगणारा इथे ‘रडत रडत ती भीमाकडे धावली’ म्हणून मोकळा होतो आणि बाई पुन्हा बिचारी होऊन बसते.

भीमापुढे ती अपमानाची यादी वाचते, पण सगळी सांगायला वेळ नाही. एकच गोष्ट घ्यायची : हात. विराटाला दुसऱ्या कोणी उगाळलेलं चंदन आवडत नाही, म्हणून रोज तीच उगाळते. कुंतीलाही कधी न भ्यालेली द्रौपदी आता उटी नीट झाली की नाही, राजा काय म्हणेल, या धास्तीने उभी असते. ती घट्टे पडलेले हात भीमापुढे धरते. भीम ते हात आपल्या तोंडावर धरतो आणि रडतो. आपल्याकडे देवघरात सहाण असतेच. नुसता ‘सहाण’ शब्द उच्चारला की तिची खरखर लोकांच्या कानात उतरते. त्यावर उपमा चढवू नये. भीमाच्या रडण्यानंतर मनात तीन आकडे मोजून थांबावं. पाच मोजले तर लोकांना वाटतं सांगणारा विसरला.

या भागात आवाज उतरवायचा, पण कुजबुजायचं नाही. मंडपातल्या कर्ण्यातून कुजबुज म्हणजे नुसता वारा येतो. तोंड माईकपासून चार बोटं लांब, आणि शब्दांचे शेवट गिळायचे नाहीत.

कीचकाला मारायला नर्तनशाळेचं ठिकाण भीमाने सुचवलं, पण त्याला तिथे यायला लावलं तिने. हे विसरलं तर सगळं श्रेय गदेकडे जातं, आणि त्या रात्री भीमाकडे गदा नव्हतीच.

कीचकाला विदूषक करायचा मोहही टाळावा. तो सेनापती आहे, त्याच्यापुढे खुद्द विराटाला बोलता येत नाही. खलनायक हलका झाला की नायकाचं वजनही तेवढंच घटतं. सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये या कथेवर नाटक आणलं, तेव्हा लोकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. कीचक टिंगलीचा असता तर सरकारने त्याची दखल घेतली नसती, असं मला ठामपणे वाटतं.

८ नोव्हेंबर

पुराणाबाहेरचा नायक हवा तर वाळवा तालुक्यातल्या वाटेगावाकडे बघावं. अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’त आधी येतो तो राणोजी, फकिराचा बाप. गावासाठी तो जोगणी, म्हणजे गावाला जत्रेचा मान देणारी देवीची खूण, आणतो आणि जीव गमावतो. त्यामुळे फकिरा पुढे येतो तेव्हा या घराने काय दिलंय ते वाचणाऱ्याला ठाऊक असतं. वीस मिनिटांत अख्खी कादंबरी कोंबू नये. राणोजीची ती एक रात्र घ्यावी, नाहीतर आपल्या माणसांसाठी फकिरा स्वतःला इंग्रजांच्या हवाली करतो तो प्रसंग. बोली फक्त संवादात ठेवावी. निवेदनातही ‘हाय’ आणि ‘न्हाय’ पेरलं, आणि सांगणारा तिकडचा नसला, तर वाळव्याचे लोक दुसऱ्याच वाक्याला ओळखतात.

देवलांच्या १८९९ च्या नाटकातल्या शारदेची अडचण वेगळी. तिला भीम नाही, शस्त्र नाही, आणि म्हाताऱ्याशी तिच्या लग्नाचा सौदा करणारा खुद्द बाप. इथे धाडस शोधत बसू नये. तिची भीती खरी आहे, तिलाच पूर्ण वेळ द्यावा. मैत्रिणींची थट्टा आधी घ्यावी आणि भीती नंतर. उलट केलं तर थट्टा निर्दय वाटते.

९ नोव्हेंबर

सैरंध्रीचा शेवट पुन्हा लिहिला. युद्धाचं वर्णन अर्ध्या पानावरून दोन वाक्यांवर आणलं. कीचक मेल्यावर भीम पाकशाळेत निघून जातो. सैरंध्री तिथेच थांबते आणि पहारेकऱ्यांना स्वतः हाक मारते : या, बघा, माझ्या गंधर्व पतींनी याचं काय केलंय. आपले पती गंधर्व आहेत असंच तिने सगळ्यांना सांगितलेलं असतं. पहारेकरी मशाली घेऊन येतात. समोर नुसता मांसाचा गोळा. मान कुठंय, पाय कुठंयत, हात कुठंयत, असं ते एकमेकांना विचारत राहतात. त्या प्रश्नावरच माईक खाली ठेवायचा.