कृष्णेची पातळी, क्रॉन आणि दोन नंबरची वाट

आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी साध्या टेक्स्ट फाइलीत जमवायचं काम एकदाचं मार्गी लागलंय. कच्चा माल म्हणजे आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा एक्स्पोर्ट. कोयनेतून विसर्ग वाढला की ग्रुपवर कुणी ना कुणी टाकत राहतं, "आयर्विन ३१ फूट ४ इंच, वाढतंय." त्याच्या आगेमागे गुड मॉर्निंगची फुलं, भडंगाच्या ऑर्डरी आणि लाइट कधी येणार याची चौकशी. मला त्यातून हवंय तारीख, वेळ, फूट, इंच एवढंच. ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका हे सांगलीत पोराटोरांनाही पाठ असतं, त्यामुळे त्यावरच्या ओळी वेगळ्या काढणं हे ऑकचं (ओळींचे रकाने पाडून हिशेब करणारी कमांड) एका ओळीचं काम.

कमांडांची साखळी (पाइप) अशी, एकीचा निकाल पुढचीला: ग्रेप 'आयर्विन'च्या ओळी उचलतो, सेड आकडे एकसारखे करतो, ऑक रकाने पाडतो आणि शेवटी निकाल 'पातळी' या फाइलीच्या टोकाला जोडायला >> पातळी. एकेरी > नाही, कारण ती जुनी नोंद पुसून नव्याने लिहिते.

खरी गंमत आकड्यांत आहे. निम्मे लोक इंग्रजी आकडे टाकतात, निम्मे मराठी. अक्षराला अक्षर बदलणाऱ्या टीआर कमांडने बदलू म्हटलं तर माझ्या मशीनवरचा टीआर एकेका बाइटवर चालतो, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत मराठीचा एक अंक ३ बाइटचा. हाती नुसता कचरा येतो. सेडमधली अक्षराला अक्षर बदलणारी वाय आज्ञा मात्र अक्षर ओळखते. टर्मिनलवर सगळं झकास चाललं. तीच स्क्रिप्ट क्रॉनवर (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम) टाकली तर पातळीची फाइल आहे तिथेच. ना नवी ओळ, ना तक्रार.

कारण असं, की क्रॉनला आपल्या टर्मिनलची लँग सेटिंग (भाषा आणि अक्षरं कोणती ते सांगणारी) मिळत नाही. ती नसली की लागू होणाऱ्या साध्या सी लोकेलमध्ये सेडलाही अक्षरांऐवजी बाइटच दिसतात. एकीकडे दहा मराठी अंकांचे ३० बाइट, दुसरीकडे इंग्रजीचे १०, मग तो दोन्ही बाजूंची लांबी जुळत नाही म्हणून थांबतो. हे तो सांगतोही, पण २ नंबरच्या वाटेने. प्रत्येक प्रोग्रामला तीन वाटा: आत यायची ०, निकालाची १, तक्रारीची २. ही वेगळी वाट युनिक्समध्ये आली त्यामागे बेल लॅब्जमधल्या फोटो टाइपसेटरचा किस्सा सांगतात: मजकुराच्या जागी महागड्या कागदावर एररच छापून यायचा.

यावर २>&१ हा सगळ्यांच्या तोंडी असलेला उपाय, म्हणजे तक्रारही निकालाच्याच वाटेने पाठवायची. (इथे आकडे मराठीत छापलेत, टाइप करताना इंग्रजीच घाला. मराठी २ टाकलात तर शेल (आपण टाइप केलेल्या कमांडा चालवणारा प्रोग्राम) त्याला कमांडचा शब्द समजतो आणि मुकाट्याने पुढे ढकलतो.) पण साखळीच्या शेवटी तो जोडला की लागू होतो फक्त शेवटच्या ऑकला. सेडची तक्रार मधल्यामधेच निसटते. वर ऑकला काहीच मिळालं नाही तरी तो खुशाल यशस्वी म्हणून परततो. म्हणून मी पूर्ण साखळी महिरपी कंसात घातली, कंसाबाहेर >> पातळी २>> तक्रार असं लिहिलं आणि वर सेट -ओ पाइपफेल चढवलं, म्हणजे मधली एक कमांड जरी पडली तरी पूर्ण साखळी अपयशी धरली जाते. तक्रारीची फाइल मुद्दाम वेगळी. २>&१ केलं असतं तर एररच्या ओळी नोंदीत घुसल्या असत्या.

क्रमाचंही तसंच. "> फाइल २>&१" मध्ये दोन्ही फाइलीत जातात. "२>&१ > फाइल" मध्ये तक्रार स्क्रीनवरच राहते, कारण २ ला १ ची त्या क्षणीची जागा मिळते आणि त्यानंतर १ दुसरीकडे वळतो. शेल डावीकडून उजवीकडे वाटा लावतो आणि मगच प्रोग्राम सुरू करतो. शेतात आधी दारं धरायचं, मग मोटार चालू करायची, तसं. नकली फाइलीवर "सॉर्ट पातळी > पातळी" करून बघा: सॉर्ट उठायच्या आधीच शेलने फाइल रिकामी केलेली असते. सॉर्टचा स्वतःचा, निकालाची फाइल सांगणारा -ओ वापरला तर चालतं, तो आधी सगळं वाचून घेतो. ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारा सूडो लावूनही > ला परवानगी नाकारली जाते त्याचं मूळ इथेच. फाइल उघडणारा शेल आपला, सूडोचा नव्हे. तिथे पाइप करून सूडो टी; टी आलेला मजकूर फाइलीतही लिहितो आणि पुढेही सोडतो.

आता क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांची यादी) वर लँग=सी.यूटीएफ-८ घातलंय, तक्रारीची फाइल रिकामी राहते आणि टी -ए (फाइलीच्या टोकाला जोडणारा टी) मुळे हाताने चालवताना ओळी स्क्रीनवरही दिसतात.

एक घोडं अजून अडलंय. ग्रुपवरचे काही ज्येष्ठ "साडेएकतीस फूट" असं अक्षरी लिहितात, कधी "पावणेबत्तीस"सुद्धा. माझा सेड त्यावर गप्प बसतो आणि ती ओळ गळते. सध्या अशा ओळी ग्रेपने वेगळ्या फाइलीत काढून हाताने भरतोय. अक्षरी आकड्यांचा तयार तक्ता कुणाकडे असेल तर द्या, ऑकमध्ये बसवतो.