उन्हाची वाटणी

हस्त नक्षत्र संपता संपता

आज आभाळ निवळलं. दोन दिवस गडगडाट नाही, तरी पाऊस गेला असं म्हणायची घाई करू नये. सकाळ कितीही लख्ख असली तरी परतीचा पाऊस दुपारी तीन-चारनंतर सह्याद्रीच्या अंगाने उतरतो. म्हणजे भरवशाचं ऊन सकाळी नऊ ते दुपारी तीन, अवघे सहा तास. आणि त्यावर हक्क सांगणारे घरात किती! भात, पोह्यांचं भात, खोबरं, गोधड्या, उशा, धान्य साठवायची कणगी, पुढे सुपारी. अंगण मात्र एकच.

कोकणात थंडी कडाक्याची नसते, पांघरुणाची फार चिंता नाही. तयारी करायची ती चार महिने घरात मुरलेली ओल बाहेर काढण्याची. कार्तिकात दव पडायला लागलं की वाळवणाचा दिवस दोन्ही टोकांनी आखडतो. सकाळी दहापर्यंत अंगण ओलं, आणि संध्याकाळी पाचला सगळं आत घ्यायचं. म्हणून आश्विनातलं ऊन कुणाला आधी द्यायचं याचा क्रम लावला पाहिजे.

पहिलं काम अंगणाचंच, कारण बाकी सगळं त्याच्यावर वाळणार. गवत मुळासकट उपटायचं. खुरप्याने वरवर छाटलं तर आठ दिवसांत सारवणातून कोंब वर येतात. शेवाळलेला दोन बोटांचा थर खरवडून टाकायचा, चाळलेली लाल माती पसरायची, पाणी शिंपडून रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी चोपण्याने चोपायचं. चुकतं ते पाण्यात. जास्त झालं की माती चोपण्याला चिकटून उचलते आणि वाळल्यावर भेगा पडतात. त्या भेगांत गेलेलं भात मुंग्यांचं. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि खाली टाकला की फुटावा, एवढीच ओल हवी. मग शेणाचे दोन हात: पहिला पातळ, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा दाट.

हल्ली नुसत्या जमिनीवर ताडपत्री अंथरून भागवतात. जमिनीतली ओल ताडपत्रीखाली अडकते आणि रात्री भाताचा तळ गार पडतो. सारवलेल्या अंगणावर ताडपत्री अंथरली तर मात्र दोन्हीचा फायदा: खालून कोरडं, आणि पाऊस आला तर चार कोपरे धरून पाच मिनिटांत सगळं पडवीत.

चित्रा, कापणीचा दुसरा दिवस

हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात तयार झालंय. लोंबीतले शंभरातले ऐंशी-नव्वद दाणे पिवळे झाले, बुडातले थोडे हिरवट राहिले, की कापायचं. सगळी लोंबी सोनेरी होण्याची वाट बघणं ही मोठी चूक. वरचे दाणे गळतात आणि उरलेले उन्हा-दवाच्या ये-जा मध्ये आतून तडकतात. ती तडक भातात दिसत नाही, गिरणीतून कणी होऊन बाहेर येते. मळ्यातलं पाणी आठ-दहा दिवस आधी सोडलेलं असावं, नाहीतर कापलेलं भात चिखलावर ठेवावं लागतं.

सकाळी दव असताना कापलं तर गळ कमी. कापलेल्या कवळ्या (भाताच्या मुठी) दोन दिवस मळ्यात आडव्या पसरून ठेवतात ते ठीक, पण आभाळ भरलं की त्याच दिवशी बांधून उचलायच्या. ओल्या जमिनीवर दोन रात्री भिजलेल्या लोंबीला मोड येतात, आणि मोड आलेल्या भाताचं काही होत नाही, गुरांना सोडून. म्हणून सगळा मळा एका दिवसात आडवा करू नये. सावडीला, म्हणजे एकमेकांच्या कामाला आळीपाळीने, जितकी माणसं येतील आणि जितकं संध्याकाळपर्यंत खळ्यात पोचेल, तितकंच कापावं. घरातली दोन माणसं नोकरीला आणि पोरं शाळेत असली की हा हिशेब आणखी काटेकोर ठेवावा लागतो. रविवारचा एक दिवस मिळतो म्हणून मळा साफ करून टाकायचा मोह होतो, आणि सोमवारी पावसात ते भरायला घरी कुणी नसतं.

झोडलेलं भात रात्री ढिगात ठेवलं की सकाळी आत हात घालून बघावा. गरम लागतो. ओलं भात ढिगात तापतं, दाणा पिवळा पडतो, भाताला वास येतो. झोडणीच्या दिवशीच पसरायला हवं, निदान पडवीत पंख्याखाली.

वाळवताना थर दोन-अडीच इंचांपेक्षा जाड नको, आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने पायाने किंवा लाकडी फावड्याने सऱ्या ओढायच्या. भर दुपारी बारा ते दोन ढीग करून वर पोतं टाकलं तर उत्तम. वाटतं ऊन फुकट गेलं, पण तापलेला दाणा बाहेरून सुकतो, आत ओला राहतो आणि त्या ओढाताणीत फुटतो. तीन दिवस सावकाश वाळवलेल्या भाताचा तांदूळ एका दिवसात भाजून काढलेल्यापेक्षा नेहमीच अखंड निघतो.

कापताना भातात साधारण 20 ते 24 टक्के ओलावा असतो. साठवायला 14 टक्के किंवा कमी हवा, बियाण्याला 12-13. 22 टक्के ओलाव्याचं 100 किलो भात 14 टक्क्यांवर आणलं की वजन पावणे-एक्क्याण्णव किलोच्या आसपास भरतं. हे नऊ-सव्वानऊ किलो पाणी होतं, चोरीला कुणी नेलं नाही, हे वाटणीच्या वेळी घरात सगळ्यांना माहीत असलेलं बरं.

ओलावा कळायला दाताखाली कट् असा आवाज ही जुनी खूण आहेच. तिच्या जोडीला बरणीची परीक्षा करावी. कोरडी काचेची बरणी तिसऱ्या हिश्शापर्यंत भाताने भरायची, तव्यावर कोरडं करून थंड केलेलं दोन-तीन चमचे मीठ घालायचं, मिनिटभर हलवून पाव तास ठेवायची. मीठ काचेला चिकटलं तर भात अजून 15 टक्क्यांच्या वर आहे. आणखी एक दिवस अंगणात.

त्याच आठवड्यात, मळ्यात

घरात ओलीशी भांडण, आणि मळ्यात तीच ओल धरून ठेवायची धडपड. भात उचललं की तीन-चार दिवसांत कडवा वाल पेरला पाहिजे. त्याला वरून पाणी नाही. जमिनीत उरलेली ओल आणि पुढे पडणारं दव, यावरच तो येतो. नांगराचं तास उथळ, आणि त्याच दिवशी फळी फिरवायची. ढेकळं उघडी राहिली तर एका दुपारच्या उन्हात वरची ओल उडते आणि बी कोरड्यात पडून राहतं. बी साधारण दोन इंच खाली, ओल जिथे हाताला गार लागते तिथे. पेरण्याआधी बियाण्याला रायझोबियम हे जिवाणूखत लावावं: 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून, सावलीत सुकवून. उन्हात सुकवलं तर जिवाणू मरतात आणि नुसता काळा रंग लागतो. वरकस हलक्या जमिनीत कुळीथ टाकावा.

ढगाळ हवा राहिली की शेंड्यांवर मावा बसतो. सुरुवातीला थोडाच असतो, तेव्हा शेंडे खुडून टाकले तरी पुरतं. रायगडकडे याच वालाच्या शेंगा थंडीत भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात कोंबून पोपटी लावतात, पाण्याचा थेंब न घालता. ती चव हवी असेल तर पेरणीचा हा आठवडा चुकवून चालत नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी

नव्या भाताचे पोहे. भात कढत पाण्यात घालून रात्रभर भिजवायचं, सकाळी निथळून खापरात वाळूबरोबर भाजायचं. दोन-चार दाण्यांच्या लाह्या फुटल्या की उतरवायचं आणि गरम असतानाच कांडायचं. सगळी गोम त्या गरमपणात आहे. एका वेळी मुठी-दोन मुठीच भाजावं आणि भाजणारीने आणि कांडणारीने एकमेकींचा वेग सांभाळावा. थंड झालेला दाणा चपटा होत नाही, चुरा होतो. नरकचतुर्दशीला तुळशीपाशी कारीट फोडून झाल्यावर दूध-गुळाचे, दह्याचे, तिखट असे निरनिराळे पोहे ताटात येतात. पोहे जाड आणि थोडे लालसर असले तरच ते दह्यात टिकतात. गिरणीचे पातळ पोहे दह्यात लगदा होतात.

भाऊबीजेनंतर

भात कणगीत गेलं, अंगण मोकळं झालं. कणगी आधी दोन दिवस उन्हात तापवून, शेणाने लिंपून, पुन्हा वाळवलेली. मधूनमधून निगडीचा (निर्गुंडीचा) सुकलेला पाला. ओला पाला घातला तर आपणच भातात ओल कोंबतो. कणगी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवायची, कारण जांभ्याची भिंत अजून सुकलेली नसते. भिंतीचं खरं काय ते बघायला प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून थेंब जमले असतील तर चुना लावू नये, पापुद्रे निघतात.

आता ऊन खोबऱ्याचं. नारळ फोडून वाट्या तोंड वर करून लगेच उन्हात. फोडून चार-पाच तास सावलीत राहिल्या तर बुळबुळीत होतात. दोन दिवसांत खोबरं करवंटीपासून सुटतं, मग सोडवून आणखी चार-पाच दिवस. रोज दव पडायच्या आत घरात. सात-आठ नारळांचं किलोभर खोबरं होतं. ओलावा 6 टक्क्यांच्या आसपास आला की वाटी मोडताना ती खटकन तुटते. वाकली तर ती घाण्यावर नेऊ नये, तेल खवट होतं. पिवळी-हिरवी बुरशी दिसली तर खरवडून वापरू नये. विष आत गेलेलं असतं.

गोधड्या आणि उशांना दोन उन्हं पुरतात, दोन्ही बाजूंनी. उन्हातून काढून लगेच घडी घालून पेटीत टाकू नयेत, तासभर पडवीत निवू द्याव्यात. गरम घडीला आतून घाम सुटतो.

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी

पहाटे बाटलीतलं खोबरेल थिजलं होतं. 24-25 अंशांच्या खाली ते गोठतं. नवं तेल असेल तर आत्ताच तळ बघून घ्यावा: गोठलेल्या पांढऱ्या तेलाखाली गढूळ पाण्याची रेघ दिसली तर खोबरं पुरतं सुकलं नव्हतं. बाटली उन्हात ठेवून तेल वितळवायचं, वरचं निवळ अलगद दुसऱ्या कोरड्या बरणीत काढायचं. बरणी रुंद तोंडाची घ्यावी, म्हणजे सकाळी चमचा आत जातो.