एचएमसीवरचं कुंकू

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतलं एक मशिन शॉप, साठेक माणसं, पंपांचे आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग करून देणारं. कंपनीचं नाव लिहीत नाही. २०२३-२४ चं ऑडिट होतं. आदल्या रात्री घरी ताळेबंद चाळताना मी एका आकड्यापाशी अडले होते. भांडवली काम चालू, म्हणजे अजून वापरात न आलेल्या मालमत्तेवर झालेला खर्च, ज्याला आम्ही दिवसभर सीडब्ल्यूआयपी म्हणतो, ते १ कोटी ३२ लाख ३० हजार. एप्रिल २०२१ पासून या रकमेचं वय सांगणारा तक्ता ताळेबंदासोबत द्यावा लागतो. त्यात जवळजवळ सगळी रक्कम 'एक ते दोन वर्षे' या रकान्यात बसली होती. एक आडवं मशिनिंग सेंटर, म्हणजे एचएमसी, धातूचे भाग कापून घडवणारं यंत्र. आलं होतं एप्रिल २०२२ मध्ये.

अकाउंटंटना विचारलं तर म्हणाले, "बसवायचं काम चालू आहे मॅडम. इंजिनिअर यायचाय अजून."

दोन वर्षं?

सकाळी स्थिर मालमत्तेचं रजिस्टर घेऊन शॉपमध्ये शिरले. कंपनी आपली मालमत्ता ठरावीक काळानं प्रत्यक्ष मोजते का, हे ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. रजिस्टर कंपनीचं, मोजणीही त्यांची, पण मी स्वतः हिंडल्याशिवाय ते वाक्य लिहीत नाही. सोबत फोरमन होते, सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणू लागले.

सुरुवात लेथपासून झाली. रजिस्टरात सहा, जमिनीवर पाच. चार नंबरच्या जागी काँक्रीटमधून वर आलेले चार फाउंडेशन बोल्ट आणि मधे तेल मुरून काळा पडलेला लांबट डाग. मामांनी सगळा हिशेब बोटानं दाखवला: चक तीन नंबरला, मोटर दोन नंबरला, बेड भंगारात. भंगाराचे पैसे 'इतर उत्पन्ना'त जमा झालेले आणि लेथ मात्र पुस्तकात तशीच उभी. ६ लाख २० हजारांची मूळ किंमत, आयुष्य संपून उरलेले ५ टक्के, म्हणजे ३१ हजार. रक्कम फार नाही, ती त्याच दिवशी काढून टाकायला सांगितली.

मग आम्ही मागच्या शेडमध्ये गेलो आणि मला लांबूनच कूलंटचा वास आला.

एचएमसी चालू होती. काचेआड पाण्याचा फवारा, बाहेर ट्रॉलीत पंपाच्या बॉडी रचून ठेवलेल्या, हात लावला तर अजून कोमट. दाराच्या पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक होतं. खालचं विटून तपकिरी झालेलं, त्यावरच दुसरं, जरा ताजं, नेम चुकून अर्धं बोट बाजूला गेलेलं. मी ते बघत उभी राहिले.

"मामा, ही कधीपासून चालू आहे?"

"ही व्हय? लई गुणाची मशीन हाय मॅडम. गेल्याच्या आदल्या खंडेनवमीला पूजा केली की हिची. मालकांच्या आईंनी नारळ फोडला. त्याच दिवशी पहिला पीस काढला, हापिसात कपाटात ठेवलाय बघा."

तो पीस मी कपाटातून काढून घेतला. फ्लँजवर नंबर-पंचनं ठोकलं होतं: ४-१०-२२. २०२२ ची खंडेनवमी ४ ऑक्टोबरलाच होती. मग ऑपरेटरला सांगून कंट्रोलरचा पडदा उघडला. पॉवर ऑन ७,८४६ तास. दोन पाळ्या धरल्या तर साधारण वीस महिने. लॉगशीटही त्याच तारखेपासून सलग होती.

आता हे इतकं महत्त्वाचं का, ते सांगते, कारण ताळेबंद वाचणारे बरेच जण स्थिर मालमत्तेच्या तक्त्यावरून सरळ पुढे जातात. यंत्र ठरलेल्या कामासाठी तयार झालं की त्याचा घसारा, म्हणजे झिजेपोटी त्याच्या किमतीचा दरवर्षी खर्चात टाकायचा भाग, सुरू व्हायला हवा. पुस्तकात कोणती ओळ लिहिली, यावर ते ठरत नाही. कर्जाचं व्याजही त्या दिवसापासून यंत्राच्या किमतीत मिळवता येत नाही, ते खर्चात जातं. यंत्र सीडब्ल्यूआयपीत ठेवलं की दोन्ही खर्च नफा-तोटा पत्रकाला शिवतच नाहीत. उलट व्याज दरवर्षी मालमत्तेत भर घालतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं कंपनी वाढतेय.

दुपारी कागद घेऊन बसले. यंत्राची खरी किंमत १ कोटी २० लाख. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट २ प्रमाणे साध्या यंत्राचं आयुष्य १५ वर्षं, शेवटी ५ टक्के राखून. वर्षाचा घसारा ७ लाख ६० हजार. दोन पाळ्यांसाठी दीडपट, ११ लाख ४० हजार. आदल्या अर्ध्या वर्षाचा ५ लाख ७० हजार. चुकीनं मिळवलेलं व्याज या वर्षीचं ८ लाख, आदलं ४ लाख ३० हजार. बेरीज २९ लाख ४० हजार. कंपनीनं करपूर्व नफा दाखवला होता २१ लाख. म्हणजे ८ लाख ४० हजारांचा तोटा.

अजून एक गोष्ट निघाली, आणि ती मला जास्त लागली. कर ऑडिट दुसऱ्या सल्लागाराकडे होतं. त्यांच्या अहवालात हेच यंत्र वापरात आल्याची तारीख दिली होती ३० सप्टेंबर २०२२. आयकरात यंत्र घेतलं त्याच वर्षात त्याचा वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. ३० सप्टेंबरपासून मार्चअखेर १८३ दिवस भरतात, ४ ऑक्टोबरपासून १७९. एक दिवस कमी पडला की १८ लाखांचा घसारा ९ लाखांवर येतो. एकच यंत्र आयकरासाठी चालू आणि बँकेसाठी अजून बसवायचं.

संध्याकाळी मालक आले. आकडे बघून बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, बँकेच्या कॅश क्रेडिटचं नूतनीकरण होतं. तोटा दिसला तर लिमिट कमी होईल अशी धास्ती होती." खोटं बोलत नव्हते. पण अकाउंटंट मान खाली घालून बसला होता, त्याला कुणी काय सांगितलं असेल ते मला दिसत होतं.

मी सांगितलं, असंच ठेवलंत तर मला अहवालात आक्षेप लिहावा लागेल, आणि बँक तो पहिला वाचेल. मग त्यांच्याशेजारी बसून दुसरा कागद केला. घसाऱ्यात पैसा बाहेर जात नाही, व्याज तर ते भरतच होते. तोट्यात या एका यंत्राचा १७ लाख १० हजारांचा घसारा परत मिळवला की हातात पैसा उरतच होता, आणि हप्ता फेडण्याची ताकद बघताना बँकेचा अधिकारी हेच गणित मांडतो. मालकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. कराच्या तारखेचं बोलायला सल्लागाराकडे मी त्यांनाच पाठवलं.

हिशेब बदलून आले, आदल्या वर्षाचा भाग वेगळा दाखवून. सही करण्याआधी मी पुन्हा शॉपमध्ये गेले. रजिस्टरात एचएमसीची ओळ आली होती, आणि मामांनी दारावर मालमत्ता क्रमांकाची पट्टी चिकटवली होती, स्वस्तिकाला धक्का न लावता, जरा खाली.