पियानोला आवाज पाठवताय की हुकूम?

मडगावच्या एका घरातून मागच्या आठवड्यात फोन आला. “अहो, ब्लूटूथ जोडलं, गाणं झकास वाजतंय, पण पट्ट्या ढिम्म हलत नाहीत. मशीन गेलं का?” मशीन ठणठणीत होतं. पेट्या आणि पियानो सुरात लावणं हा आमच्या घरचा धंदा. स्वतःहून वाजणारे पियानो गोव्यात हॉटेलांच्या लॉबीत आणि काही घरांत आले, तेव्हापासून असे फोन मला सारखे येतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतो.

कुठलंही सॉकेट, कुठलीही केबल दिसली की एकच विचारायचं: यातून आवाज जातो की हुकूम? ब्लूटूथ ऑडिओतून फोन आवाज पाठवतो. तो स्पीकरवर वाजतो, पियानोच्या तारांपर्यंत पोचतच नाही. पट्टी खाली जायची तर कुठली पट्टी, किती जोरात आणि कधी सोडायची, हे पियानोला कळावं लागतं. हे हुकूम ज्या भाषेत जातात ती मिडी. ब्लूटूथ मिडी नावाचा प्रकारही आहे, पण तो वेगळा. बहुतेक वेळा फोनच्या सेटिंगमधून तो जोडता येत नाही, ॲपच्या आतून जोडावा लागतो. मडगावात नेमकं तेवढंच राहिलं होतं.

मिडी १९८३ साली आली, पण हुकुमाची कल्पना त्याहून कितीतरी जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कागदाच्या गुंडाळीला भोकं पाडून, हवेच्या दाबावर पियानो वाजवत. १९०४ साली जर्मनीत वेल्टे-मिन्योन नावाचा असाच पियानो निघाला, त्यात तर वादकाच्या हाताचा जोरही जपला जाई. आज भोकांच्या जागी आकडे आले. मधला सा म्हणा, म्हणजे पियानोचा मिडल सी, त्याचा आकडा ६०. जोर ० ते १२७ मध्ये मोजतात, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. उजव्या पेडलचा हुकूम ६४ नंबरचा. मिडी फाइल ही ध्वनिमुद्रण नव्हे, ती नोटेशनच्या वहीसारखी आहे. फरक एवढाच की वहीत न मावणारा जोर आणि वेळ तिच्यात मावतो. म्हणून अख्खं गाणं काही किलोबाइटमध्ये बसतं आणि जुन्या मॉडेलांना ७२० केबीची फ्लॉपी पुरायची.

या हुकुमाचं पुढे काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. पट्ट्यांच्या मागच्या टोकाखाली सोलेनॉइडची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या चुंबकांची, रांग असते. वीज मिळाली की आतला दांडा वर उसळतो, पट्टीचं मागचं टोक उचलतो आणि हातोडी तारेवर जाते. हळू स्वराची हातोडी सावकाश जाते, जोराच्या स्वराची चटकन. हुकूम आल्याआल्या पाळला तर हळू स्वर मागे पडतील आणि लय मोडेल. म्हणून डिस्कलॅव्हिअरमध्ये, म्हणजे यामाहाच्या स्वतःहून वाजणाऱ्या पियानोत, बाहेरून येणाऱ्या मिडीसाठी ५०० मिलिसेकंदांचा ठरावीक उशीर ठेवलेला असतो. तेवढ्या वेळात यंत्र प्रत्येक स्वराला कधी निघायचं ते ठरवतं आणि सगळे ठेक्यावर पोचतात. “बटण दाबल्यावर पियानो अर्धा सेकंद झोपतो” ही तक्रार जिथे येते, तिथे तो खरं तर हिशेब करत असतो. मला या रचनेचं फार कौतुक वाटतं.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. काही पद्धतींत स्टीरिओच्या एका बाजूला साथीचं संगीत आणि दुसऱ्या बाजूला हुकूमच आवाजाच्या रूपात भरलेले असतात. अशी सीडी साध्या प्लेयरवर लावली तर एका स्पीकरमधून नुसती कर्कश किरकिर येते. तिथे आवाजाच्या वाटेनेच हुकूम जातो.

यूएसबीची दोन भोकं असतात. चपट्या भोकात पेनड्राइव्ह, चौकोनी भोकातून संगणकाकडे वायर. वायफायचं म्हणाल तर आपल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झला सहज अडवतात, २.४ वर ठेवा, नाहीतर राउटर त्याच खोलीत आणा.

मिडीत वेगवेगळ्या वाद्यांचे हुकूम वेगळे ठेवायला १६ चॅनेल असतात. नेटवरून उतरवलेल्या फाइलीत १० नंबरचं चॅनेल बहुधा ड्रमचं असतं. पियानो सगळीच चॅनेलं ऐकत असेल तर ड्रमचे ठोकेही पट्ट्यांवर पडतात आणि खालच्या सप्तकात धडधड सुरू होते. ते चॅनेल बंद केलं की झालं.

फोंड्याकडचे रसिक विचारतात, नाट्यगीत यावर वाजेल का? चाल वाजेल. मींड नाही. मिडीत स्वर वाकवायचा हुकूम आहे, पिच बेंड म्हणतात, पण ताणलेल्या पोलादी तारेला तो पाळता येत नाही. पेटीचंही तेच, तरी आमच्याकडच्या पेटीवाल्यांनी कणस्वर लावून तिच्यातून गाणं काढलंच. मिडी फाइल करणाऱ्यानेही तसेच बारीक स्वर हाताने वाजवून भरावेत, माउसने टिकल्या मांडू नयेत. फरक पहिल्या ओळीतच कळतो.

जून उजाडला की तक्रारी बदलतात. “हळू स्वर गळतात, नेट स्लो आहे का?” नेटचा काही संबंध नाही. दमट हवेने लाकूड आणि नमदा फुगतो, पट्टी जड होते आणि २०-२५ व्हेलॉसिटीचा हुकूम हातोडीला तारेपर्यंत नेऊ शकत नाही. पट्टी हलते, स्वर येत नाही. तोच स्वर ६० वर पाठवून बघा. वाजला तर वायरी उपसू नका, पट्टीच्या बुशिंगकडे, म्हणजे ती जिथे खिळीवर हलते तिथल्या नमद्याकडे, बघायला माणूस बोलवा. पावसाळाभर पियानो बाहेरच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून लांब ठेवा, खोलीत डीह्युमिडिफायर लावा. विजेचा लपंडाव असेल तिथे स्टॅबिलायझर घ्याच. एवढे सोलेनॉइड एकदम ओढ घेतात.

सेकंडहँड घेणार असाल तर विकणाऱ्याला गाणं लावायला सांगू नका, गाण्यात सगळं झाकलं जातं. सर्वांत खालच्या पट्टीपासून वरपर्यंत ८८ स्वर एकेक करून, आधी हळू मग जोरात, वाजवणारी फाइल पेनड्राइव्हवर न्या. जुनं फ्लॉपीचं मॉडेल असेल तर तिच्या जागी बसणारा यूएसबी ड्राइव्ह मिळतो, त्यासाठी सौदा मोडायची गरज नाही. आणि मला फोन करण्याआधी मागच्या सॉकेटांचा एक फोटो काढून ठेवा.